यंदा एक कुंडी हळदीला द्या

बाल्कनीत, गच्चीवर किंवा दारापुढे चार कुंड्या मावतील एवढी जागा ज्यांच्याकडे आहे, त्यांना एक आग्रहाचे सांगणे आहे. यंदा त्यातली एक कुंडी हळदीला द्या. टोमॅटोला लागते तसे दिवसभराचे कडक ऊन तिला लागत नाही. सकाळचे तीन-चार तास मिळाले तरी ती खूश असते. मांजरे, कबुतरे, चिमण्या तिच्या वाटेला फारशा जात नाहीत. आणि पावसाळ्यात कुंडीतली निम्मी झाडे मान टाकतात, तेव्हा ही हातभर लांब, हिरवीगार पाने काढून उभी असते.

आधी एक आशा मोडून टाकते. वर्षाची हळदपूड कुंडीतून काढू, अशा हिशेबाने हळद लावू नका. नीट वाढलेल्या मोठ्या कुंडीतून अर्धा ते एक किलो ओली हळद मिळते. ती उकडून वाळवली की पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे शंभर ते दोनशे ग्रॅम पूड. चार माणसांच्या स्वयंपाकात ती कधी संपली हे कळणारही नाही. शिवाय त्यासाठी उकडणे, दहा-पंधरा दिवस उन्हात घालणे, घासणे, दळणे ही सगळी यातायात. पुडीचे काम शेतकऱ्यांवर सोपवावे हेच शहाणपणाचे. सांगलीची हळद आहे, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची आहे, हिंगोलीकडची वसमतची आहे. या तिन्ही हळदींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. वायगावला ते २०१६ साली मिळाले, सांगलीला २०१८ साली. सांगलीजवळच्या हरिपुरात तर हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी पेवे निकामी झाली. एवढी परंपरा असलेल्या माणसांशी आपल्या एका कुंडीने स्पर्धा कशाला करायची? पुडीसाठी त्यांचीच हळकुंडे घ्या, तीही चकचकीत पिवळी न घेता जरा मळकट दिसणारी, आणि ओळखीच्या गिरणीतून दळून आणा. हळदीला रंग यावा म्हणून लेड क्रोमेट फासण्याचे प्रकार आपल्या उपखंडात उघडकीस आले आहेत. त्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. झळाळीला भुलू नका.

मग कुंडीतल्या हळदीचा उपयोग काय? पाने आणि ओला कंद. या दोन्ही गोष्टी बाजारात हव्या तेव्हा मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी ताज्या असतीलच असे नाही.

पानांचे आधी सांगते, कारण माझ्या मते हळद लावण्याचे खरे कारण तेच आहे. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावलेल्या हळदीला श्रावणापर्यंत भरपूर पाने येतात. वेळ बघा कशी जुळते. नागपंचमीला अनेक घरांत चिरणे, कापणे, तळणे वर्ज्य असते आणि वाफवलेलेच करायचे असते. देशावर दिंडे होतात, कोकणात आणि गोव्यात पातोळ्या. गोव्यात १५ ऑगस्टला मारियेच्या फेस्तालाही ख्रिस्ती घरांत पातोळ्यो असतात. देव वेगवेगळे, पान एकच. धुतलेल्या पानाच्या आतल्या बाजूला तांदळाच्या पिठाचा मऊ लेप हाताने पातळ पसरायचा, अर्ध्या भागावर गूळखोबऱ्याचे सारण घालायचे, पान मधल्या शिरेवर दुमडायचे आणि मोदकपात्रात ठेवायचे. दहा मिनिटांत घरभर जो वास सुटतो तो पिठाचा नसतो आणि गुळाचाही नसतो. तो पानातल्या तेलाचा असतो, आणि पान खुडल्यावर जितका वेळ जाईल तितका तो उतरत जातो. बाजारातली जुडी आदल्या रात्री कुठल्या गावाहून निघालेली असते कोण जाणे. कुंडीतले पान खुडल्यापासून पाच मिनिटांत पिठाखाली असते. एकदा करून बघा, मग फरक सांगायला मी लागणार नाही.

सण सोडूनही पानाचे उपयोग आहेत. जून काकडी किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून पानात उकडा. भात शिजताना एक पान दुमडून वर ठेवा. मासे खाणाऱ्यांनी मीठ, मिरची, खोबऱ्याचे वाटण लावलेला तुकडा पानात गुंडाळून वाफवावा. केळीच्या पानापेक्षा हे पान अरुंद असते, म्हणून तुकडा लहान घ्या नाहीतर दोन पाने एकमेकांवर ठेवा. पान तोडताना एकच पथ्य पाळा. एका फुटव्याची एक-दोन, तीही बाहेरची, पूर्ण वाढलेली पाने घ्या, मधली कोवळी सुरळी कधीही ओढू नका. खालचा कंद भरतो तो या पानांच्या जोरावर. पानांसाठीच हळद लावायची तर दोन कुंड्या ठेवा, एक पानांची आणि एक कंदाची.

आता बेणे. इथे बहुतेकांची गाडी अडते. वाण्याकडून आणलेले वाळके हळकुंड मातीत पुरून महिनाभर पाणी घालणारे लोक दर वर्षी भेटतात. ते हळकुंड उकडून वाळवलेले असते. उकडलेल्या हरभऱ्याला मोड येत नाहीत, तसेच हे. बेणे हवे ते ओल्या हळदीचे. जानेवारी ते मार्चमध्ये भाजीबाजारात ओली हळद येते. तेव्हाच टपोरे, टणक, डोळे ठळक दिसणारे गड्डे निवडून घ्या. मऊ पडलेला, खालून ओलसर झालेला किंवा कुजका वास येणारा गड्डा कितीही मोठा असला तरी नको. हळदीच्या झाडाला मधोमध जाड जेठा गड्डा असतो आणि त्याला बगलेतून फुटलेली बोटभर हळकुंडे. लावायला जेठा गड्डा सगळ्यात चांगला, तो ५० ग्रॅमच्या आसपास भरावा. तो नाही मिळाला तर जाड हळकुंडही चालते, फक्त सुरुवातीला झाड जरा बारीक राहते. आणलेले बेणे धुऊ नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. टोपलीत, वाळूत किंवा कोरड्या पाल्यात घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवून द्या. वैशाखात डोळे फुगून कोंब डोकावू लागतात. तोच लावणीचा इशारा.

ओळखीत कोणाच्या परसात हळद असेल तर बाजारापेक्षा ते बेणे घ्या, कारण तुमच्या हवेत ते आधीच रुळलेले असते. हळदीला फुले येतात, पावसाळ्याच्या शेवटी शेवटी पानांच्या मधून फिकट, टोकाला गुलाबी झाक असलेला तुरा निघतो. पण तिला बी धरत नाही. गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ती वांझ आहे. म्हणून हळदीच्या बियांची पाकिटे कोणी विकत असेल तर तिथेच ओळखा काय ते. एका गड्ड्यापासून दुसरा, हीच तिची वंशावळ.

कुंडी खोलीपेक्षा रुंदीला मोठी हवी. १४-१५ इंच रुंद आणि फूटभर खोल पुरे, कारण कंद खाली जाण्यापेक्षा आडवा पसरतो. तांदळाची रिकामी गोणी दुमडून, तळाला भोके पाडून वापरली तरी उत्तम. दिसायला बरी नाही, पण काढणीच्या वेळी नुसती उलटी करता येते. मातीत निम्मी बागेची माती घ्या, पाव हिस्सा चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि पाव हिस्सा जाडी वाळू नाहीतर कोकोपीट. मूठ वळून सोडली की ती फुटली पाहिजे. काळी चिकण माती एकटी वापरू नका. हळद मरते ती पाण्यावाचून क्वचित, साचलेल्या पाण्याने हमखास. कंदकूज हा तिचा मोठा शत्रू. त्यात बुडखा मऊ पडतो, पाने कडेने पिवळी होत सुकतात, उपटले तर फुटवा हातात येतो आणि घाण वास येतो. एकदा लागली की घरगुती उपायाने ती बरी होत नाही. म्हणून कुंडीखाली दोन विटा ठेवा, तळाची भोके मोकळी आहेत ना ते पावसाआधी काडी घालून बघा, आणि कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढून टाका. कोकणात आणि मुंबईत जुलैचा पाऊस थेट कुंडीत कोसळत असेल तर ती चार दिवस छपराखाली ओढली तरी बिघडत नाही.

लावताना गड्डा दोन इंच खोल, डोळा वर करून ठेवा आणि कुंडीत एकच किंवा फार तर दोन गड्डे लावा. लोभाने पाच-सहा कोंबले की सगळीच हळकुंडे करंगळीएवढी राहतात. वरून सुक्या पाल्याचा बोटभर थर द्या. मग वाट बघा. कोंब वर यायला तीन आठवडे लागतात, कधी महिन्यावरही जातात. या काळात माती नुसती ओलसर ठेवायची, आणि उकरून बघायचा मोह आवरायचा. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात कुंडीची माती भट्टीवर ठेवल्यागत तापते. तिथे झाडाच्या सावलीत लावा, नाहीतर सरळ जूनच्या पहिल्या सरीपर्यंत थांबा. जूनच्या मध्यापर्यंत लावलेली हळद मागे पडत नाही.

पावसाळ्यात फारसे काही करायचे नसते. महिन्यातून एकदा ओंजळभर शेणखत घाला. दोन-अडीच महिन्यांनी बुडाशी कंद मातीबाहेर डोकावू लागले की त्यावर माती आणि खताची भर द्या, आणखी महिन्या-दीड महिन्याने परत एकदा. म्हणूनच सुरुवातीला कुंडी काठोकाठ न भरता वर चार बोटे जागा ठेवायची. पाने गुंडाळून आत बसणारी अळी दिसली तर हाताने काढून टाका. कुंडीभर झाडाला औषध फवारण्याचा खटाटोप नको, तीच पाने आपल्याला पातोळ्यांना हवी आहेत.

खरी परीक्षा ऑक्टोबरात. पाऊस जातो, सण येतात, माणसे गावाला जातात आणि हिरवेगार झाड बघून सगळ्यांना वाटते की हळद झालीच. प्रत्यक्षात कंद भरण्याचे दिवस तेव्हाच असतात. वरची वाढ मंदावते आणि पानांनी कमावलेले सगळे खाली साठू लागते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कुंडी सुकू देऊ नका. लाकडाची राख मिळाली तर मूठभर मातीत मिसळा. युरियासारखे नत्राचे खत मात्र या काळात नको, झाड नुसते पानावर जाते. पानांची टोके करपली तर घाबरू नका. ऑक्टोबरचे ऊन आणि बोअरचे खारट पाणी ही त्याची नेहमीची कारणे. शक्य असेल तर साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी घाला.

आणि मग पौषात हळद पिवळी पडते, पाने वाकतात, वाळून कुंडीच्या कडेवरून लोंबतात. इथे कितीतरी लोक झाड मेले म्हणून कुंडी रिकामी करतात, माती कचऱ्यात जाते आणि त्यासोबत आठ महिन्यांची हळदही. कृपा करून तसे करू नका. हळद मेलेली नाही, पिकलेली आहे. पाणी बंद करा. पाने पूर्ण वाळू द्या, वरून कापून टाका आणि आणखी दोन आठवडे कुंडीला हात लावू नका. लावणीपासून आठ-नऊ महिने झाले की काढणी करा. कुंडी आडवी करून माती हाताने मोकळी करा, खुरपे घालू नका. चिरलेला कंद टिकत नाही.

काढलेल्या ओल्या हळदीचे पहिले काम म्हणजे लोणचे. साल खरवडून हळदीच्या बारीक कांड्या किंवा कीस, तेवढेच किंवा थोडे कमी आले, हिरव्या मिरच्यांचे तुकडे, मीठ, मोहरीची पूड आणि वर बुडेल इतका लिंबाचा रस. तेल घातले तर घातले. चार दिवसांत मुरते. हाताला आधी तेल लावा, विळी किंवा किसणी जुनी वापरा आणि पांढऱ्या ओट्यावर कागद पसरा, नाहीतर आठवडाभर घरातले बोलणे ऐकावे लागेल. आंबेहळद हाताशी असेल तर ती निम्मी घाला, कैरीसारखा वास येतो. उरलेली ओली हळद भाजीत, कढीत, दुधात किसून घालता येते. चहाच्या चमच्याने मोजून पूड घालण्याची सवय असलेल्यांनी सुरुवातीला कीस जरा बेतानेच घालावा, ताज्या हळदीचा वास नाकात शिरणारा असतो. थोडी पूड करून बघायची हौस असेलच तर कंद धुऊन, काडी सहज आरपार जाईपर्यंत उकडा आणि मोडताना खणकन आवाज येईपर्यंत उन्हात वाळवा.

आता औषधाचे. जखमेवर हळद हे ज्ञान आपल्या घरात इतके जुने, की १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्याचे पेटंट मिळाले तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) ते आव्हान देऊन १९९७ साली रद्द करून घेतले. त्या लढाईचा अभिमान वाटणे रास्तच आहे. पण त्या अभिमानापोटी कुंडीतल्या हळदीने मधुमेह, सांधेदुखी, कर्करोग बरा होतो असे मोबाईलवरचे निरोप पुढे पाठवू नका. हळदीतले कुर्क्युमिन थोडेच असते आणि नुसते खाल्ले तर शरीर त्यातले फार कमी घेते. तेला-तुपात, मिऱ्यासोबत जरा जास्त घेते. जेवणातली हळद सर्वांनी खावी. कुर्क्युमिनच्या जोरदार गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे मात्र आहेत. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील तर हळदीचे काढे रोज पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

याच ओघात काळ्या हळदीबद्दलही बोलून घेते. ती खरोखरची वनस्पती आहे, कंद कापला की आतून निळसर-काळा निघतो. तिजोरीत ठेवल्याने पैसा येतो असे सांगून ती अवाच्या सवा दराने विकतात. पैसा येतो तो विकणाऱ्याकडे. आणि पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर फुललेली रानहळद मोहात पाडते, तेव्हा फोटो काढा, कंद उपटून आणू नका. कुंडीत ती फारशी जगत नाही आणि डोंगरावरून मात्र कायमची जाते. घरात सुवासिक फूलच हवे असेल तर याच कुळातला सोनटक्का लावा. त्याला हळदीपेक्षा पाणी जास्त लागते आणि पांढरी फुले संध्याकाळी घमघमतात.

परदेशातल्या मराठी घरांतून विचारणा होते, थंडीत हळद जगेल का. बर्फाच्या देशात ती बाहेर जगत नाही, पण तिची झोपेची वेळ आणि तिथला हिवाळा नशिबाने एकच आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात उबदार जागी, हीटरजवळच्या खिडकीत कोंब आणवा, रात्रीची थंडी गेल्यावर कुंडी बाहेर काढा आणि पहिल्या कडाक्याआधी आत घ्या. पाने वाळली की पाणी थांबवून कुंडी तशीच कोपऱ्यात सरकवा. उन्हाळा लहान असल्यामुळे पहिल्या वर्षी कंद बारीक निघतील. पाने मात्र गणपतीपर्यंत मिळून जातात, आणि तिथल्या भारतीय दुकानात ती शोधत फिरण्यापेक्षा हे सोपे.

काढणीच्या दिवशीच पुढच्या वर्षाचे बेणे बाजूला काढा, लोणच्याच्या आधी. नंतर उरेल ते बेणे असे ठरवले तर काही उरत नाही. सगळ्यात मोठे, निरोगी जेठे गड्डे निवडा, माती झटका, मुळे छाटा, सावलीत चार दिवस सुकवा आणि कोरड्या पाल्याखाली ठेवा. एका कुंडीतून तीन-चार गड्डे तरी बेण्याजोगे निघतात. तुम्हाला एक-दोन पुरतात. बाकीचे शेजारी, सोसायटीच्या माळ्याला, मुलांच्या शाळेच्या बागेला द्या, आणि कधी लावायचे तेही सोबत सांगा. ज्या मातीत हळद झाली त्याच मातीत पुढच्या वर्षी हळद किंवा आले लावू नका, कंदकूज मातीत दबा धरून बसते. ती माती उन्हाळ्यात मेणकापडावर पसरून चांगली तापवा आणि मेथी, चवळी, लाल माठ यांच्यासाठी वापरा. हळदीला नवी माती भरा.